ईर्यासमिती आणि रस्ता ओलांडणारा माणूस

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानांतून तप, दान, स्वाध्याय, तीर्थरक्षा असे विषय अपेक्षित असतात. भर बाजारात रस्ता ओलांडणारा माणूस हा विषय त्या पंक्तीत कोणाला थोडा हलका वाटेल. परंतु साधुजीवनाच्या पाच समित्यांमध्ये पहिली समिती चालण्याची आहे आणि बोलण्याची दुसरी. माणसाने कसे बोलावे हे सांगण्याच्या आधी त्याने पाऊल कसे टाकावे हे शास्त्रकारांनी सांगितले. तेव्हा विषय हलका नाही. पायाखालचा असल्यामुळे तो नजरेत येत नाही, एवढेच.

अमरावतीच्या राजकमल चौकात सकाळी नवाच्या सुमारास एक वृद्ध श्राविका कडेला उभी आहे. तिला नाव देण्याचे कारण नाही. अशी श्राविका कोणत्याही दिवशी, कोणत्याही चौकात दिसते. हातात तांदूळ-बदामाचा बटवा, खांद्यावर शाल, गुडघे दुखरे. ती एक पाऊल पुढे टाकते आणि दोन पावले मागे घेते. एक ऑटो तिच्या पदराला वारा लावून जातो. चालक मान वळवून म्हणतो, "आजी, काहून मधात येता? थांबा नं जरा!" ती थांबते. मग मोटारसायकलींचा एक लोंढा येतो. तो ओसरतो न ओसरतो तोच दुसऱ्या बाजूने शहर बस वळते. चार-पाच मिनिटे अशी जातात. शेवटी महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींचा एक घोळका हात वर करून रस्त्यात उतरतो आणि ती त्यांच्या आडोशाने, जवळजवळ धावतच, पलीकडे पोहोचते.

पलीकडे गेल्यावर ही बाई काय करते? उपाश्रयात कटासणे अंथरते, मुहपत्ती घेते आणि ४८ मिनिटांचे सामायिक करते. पाठीचा कणा ताठ, चित्त स्थिर. पर्युषणात तिने अठाई केलेली असते. आठ दिवस अन्नावाचून राहणारी आणि रोज ४८ मिनिटे एका आसनावर बसणारी ही व्यक्ती पाच मिनिटांपूर्वी रस्त्यात मधोमध का धावली? वाहनचालकाच्या दृष्टीने ती उतावळी होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली असती तर तीत 'घाईघाईने रस्ता ओलांडताना' असेच शब्द पडले असते.

पादचारी उतावळा असतो, हे विधान दोन्ही शहरांत सर्रास ऐकू येते, आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. अकोल्याच्या टिळक रोडवर किंवा गांधी रोडवर संध्याकाळी उभे राहून पाहावे. तरुण माणूस कानाला मोबाईल लावून, डावीकडे न पाहता, दुभाजकाच्या तुटलेल्या फटीतून रस्त्यात उतरतो. बाप मुलाचे मनगट धरून त्याला फरफटत नेतो. मूल त्या दिवशी अंकगणिताआधी तो धडा शिकते. एकाने पाऊल उचलले की मागचे पाच जण वाहन किती दूर आहे हे न बघता त्याच्या मागे निघतात, कारण सर्वांचा विश्वास पहिल्यावर असतो आणि पहिल्याचा नशिबावर. हाताचा पंजा दाखवून धावते वाहन थांबवण्याची आपल्याकडची पद्धत तर सर्वश्रुत आहे. हात दाखवून अवलक्षण ही म्हण वेगळ्या संदर्भातली. पण चौकात उभे राहिले की तिचा नवाच अर्थ लागतो.

तरीही या उतावळेपणाची थोडी चिकित्सा करणे न्यायाचे होईल. वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांनी ठिकठिकाणी निरीक्षणे केली आहेत. त्यांचा साधारण निष्कर्ष असा की, रस्त्याच्या कडेला थांबलेल्या माणसाची वाट पाहण्याची वेळ अर्ध्या मिनिटाच्या पुढे गेली की त्याचा धीर सुटू लागतो आणि जी फट त्याने आधी धोक्याची मानून सोडून दिली होती तिच्यातच तो शिरतो. म्हणजे उतावळेपणा हा घरून निघताना सोबत आणलेला स्वभाव असेलच असे नाही. तो कडेला उभे राहून राहून तयार होतो. जिथे सिग्नल चालू असतो, पोलीस शिपाई उभा असतो आणि आपली पाळी अमुक वेळाने येणार अशी खात्री असते, तिथे तीच माणसे शांतपणे थांबतात. पाळी येणारच नाही हे कळले की थांबण्याला अर्थ उरत नाही. रेशनच्या रांगेत तासभर उभा राहणारा माणूस रस्त्यावर अर्धे मिनिट थांबत नाही. कारण रेशनची रांग पुढे सरकते.

थोडा हिशेब करू. समाज व्यापाऱ्यांचा आहे, त्याला हिशेब रुचेल. धडधाकट माणूस रस्ता ओलांडताना सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे धरून अभियंते आखणी करतात. रस्ता १५ मीटर रुंद असेल तर त्याला साडेबारा सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. साडेबारा सेकंदांत ते पावणेदोनशे मीटर अंतर कापते. म्हणजे पावणेदोनशे मीटरपर्यंत रस्ता मोकळा दिसला तरच त्या माणसाने एका दमात निर्धास्त निघावे. गुडघे दुखणाऱ्या श्राविकेची चाल सेकंदाला ०.८ मीटर धरली तर तिला जवळजवळ १९ सेकंद लागतात आणि मोकळ्या रस्त्याची गरज सव्वादोनशे मीटरच्याही पुढे जाते. राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टॉवर चौकात सव्वादोनशे मीटर मोकळा रस्ता दिवसाउजेडी दिसतो काय? म्हणून माणूस रस्ता तुकड्यातुकड्याने ओलांडतो. एक पट्टा पार करायचा, धावत्या वाहनांच्या मधल्या पांढऱ्या रेषेवर अंग चोरून उभे राहायचे, मग दुसरा पट्टा. याला कोणी बेशिस्त म्हणो. त्याला दुसरा मार्ग ठेवलेला नाही.

आता शास्त्राकडे वळू. श्वेतांबर परंपरेतील दशवैकालिक सूत्र आचार्य शय्यंभव यांनी आपल्या पुत्रासाठी, बालमुनी मनक याच्यासाठी रचले असे परंपरा सांगते. मनकाचे आयुष्य केवळ सहा महिने उरले आहे हे पित्याने ज्ञानाने जाणले होते. सहा महिने उरलेल्या मुलाला एखाद्या पित्याने घाई करायला सांगितले असते. या सूत्राच्या पाचव्या अध्ययनात नेमके उलट सांगितले आहे. भिक्षेला जाताना दडदड चालू नये, बोलत-हसत चालू नये, पुढची युगप्रमाण, म्हणजे चार हात भूमी न्याहाळत चालावे. वाटेत कुत्रे, नुकती व्यालेली गाय, माजलेला बैल, घोडा, हत्ती दिसले, मुले खेळत असली, भांडण किंवा मारामारी जुंपलेली असली, तर दुरूनच वळून जावे. ही यादी वाचताना अमरावतीच्या इतवारा बाजारात गेलेल्या माणसाला हसू येईल. हत्ती तेवढा वजा करायचा. बाकीची वाहतूक शेकडो वर्षांत फारशी बदललेली नाही.

दिगंबर परंपरेत आचार्य कुंदकुंदांनी नियमसारात ईर्यासमितीचे लक्षण सांगताना तीन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: दिवसा चालावे, प्रासुक म्हणजे निर्जीव झालेल्या मार्गाने चालावे आणि युगप्रमाण भूमी पाहत चालावे. या तिन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात, कारण पुढे त्यांचे काम पडणार आहे.

येथे एक शंका कोणीही काढील. चार हात म्हणजे सुमारे सहा फूट. पायाखालची मुंगी वाचवण्यासाठी सहा फूट पुरतात. पण चाकावर येणारा धोका पावणेदोनशे मीटरांवरून येतो. मग खाली मान घालून चार हात पाहणाऱ्याने काय करावे? शंका बरोबर आहे. तिचे उत्तर असे की, ईर्यासमितीचा गाभा अंतरात नसून अप्रमादात आहे. ज्याच्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ शकते त्याने, इजा टाळता येईल इतक्या अंतरावर दृष्टी ठेवायची. पायी चालणाऱ्याला ते अंतर चार हात पडते. ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्याचे चार हात किती, हा प्रश्न पादचाऱ्याला विचारायचा नाही. तो स्टीअरिंगवर बसलेल्याला विचारायचा आहे, आणि त्या जागेवर आज श्रावक बसलेला आहे.

सामायिक किंवा प्रतिक्रमण करण्यापूर्वी श्रावक इरियावही म्हणतो. येता-जाता जिवांची जी विराधना झाली तिची ही क्षमायाचना. दिगंबर बांधवांतही ईर्यापथशुद्धीचा पाठ आहेच. लहानपणापासून तोंडपाठ असल्यामुळे तिचा अर्थ कानावरून निसटून जातो. त्या सूत्रात एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतचे जीव सांगून त्यांना दिलेल्या पीडेचे दहा प्रकार मोजले आहेत. समोरून येताना धडक देणे, धुळीने झाकून टाकणे, घासणे, एकमेकांवर आदळवणे, स्पर्श करून त्रास देणे, परिताप देणे, थकवणे, भयभीत करणे, एका जागेवरून दुसऱ्या जागी हुसकणे आणि प्राण घेणे. हे सूत्र रचणाऱ्यांनी मोटार पाहिली नव्हती. आता ही दहा क्रियापदे घेऊन राजापेठपासून इर्विन चौकापर्यंत जावे. भोंगा वाजवून दचकवलेली म्हातारी, डबक्यातले पाणी अंगावर उडवलेला शाळकरी मुलगा, पांढऱ्या पट्ट्यांवरून परत कडेला पिटाळलेले जोडपे. दहावा प्रकार क्वचित घडतो, बाकीचे नऊ रोज. आणि मोटारीतून उतरून उपाश्रयाची पायरी चढणारा श्रावक ज्या वेळी इरियावही म्हणतो त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे मुंगी येते, पंचेंद्रिय मनुष्य येत नाही.

कोणी म्हणेल, कोणाला लागले नाही, कोणी पडले नाही, मग दोष कसला? याचे उत्तरही कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात देऊन ठेवले आहे. त्याचा भावार्थ असा: जीव मरो वा न मरो, अयत्नाने वागणाऱ्याला हिंसा निश्चित लागते, आणि जो यत्नाने, समितीपूर्वक वागतो त्याच्याकडून नकळत प्राणघात झाला तरी तेवढ्याने त्याला बंध होत नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादालाच अग्रस्थान दिले. न्यायालय अपघात झाल्यावर विचार करते. कर्मसिद्धांत भरधाव निघालेल्या क्षणीच खाते उघडतो. ही तरतूद कडक वाटेल, पण ती दोन हजार वर्षांच्या आसपासची आहे आणि तिच्यात पळवाट नाही.

कापडाच्या दुकानात व्यापाऱ्याचा धीर पाहण्यासारखा असतो. ग्राहक आले, गादीवर बसले, चहा आला. चाळीस साड्यांच्या घड्या मोडल्या गेल्या. पदर दाखवला, काठ दाखवला, उजेडात नेऊन रंग दाखवला. तासाभराने ग्राहक एक ब्लाऊज पीस घेऊन उठले तरी व्यापारी हसून म्हणतो, "पुन्हा या ताई." कपाळावर आठी नाही. हाच व्यापारी रात्री गल्ला मोजून, शटर ओढून गाडीवर बसला की समोरच्या पादचाऱ्याला दहा सेकंद देऊ शकत नाही. दोन किलोमीटरचे अंतर ताशी ३० किलोमीटरने चार मिनिटांत संपते, ताशी ४०ने तीन मिनिटांत. बचत एका मिनिटाची. ते मिनिट घरी नेऊन त्याचे तो काय करतो, हे त्याच्या घरच्यांनाच विचारावे.

त्याच व्यापाऱ्याच्या दुकानापुढचा पदपथ पाहावा. दुकानाची पायरी पुढे आलेली, तिच्यापुढे लोखंडी स्टँड आणि त्याच्यापुढे साडी नेसलेले दोन पुतळे. पुतळे पदपथावर सुरक्षित उभे आहेत आणि जिवंत माणूस रस्त्यावरून चालतो आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी पादचाऱ्यांचा पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि राज्यांना त्याविषयी मार्गदर्शक नियम करण्याचे निर्देश दिले. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२३ साली देशात रस्ते अपघातांत १,७२,८९० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३५,२२१, म्हणजे पाचात एक, पायी चालणारी होती. अदत्तादान म्हणजे न दिलेली वस्तू घेणे. पदपथ कोणी कोणाला दिला होता, हा प्रश्न या सभेत फार वेळ उच्चारला तर काही चेहरे खाली जातील. म्हणून तो इथेच सोडलेला बरा.

शहरे बांधणाऱ्यांनीही वेगाचीच बाजू घेतली आहे. अमरावतीत राजापेठ ते इर्विन उड्डाणपूल झाला, अकोल्यात २०२२ साली उड्डाणपूल खुला झाला. वरून जाणाऱ्याची सोय झाली, ती नाकारण्याचे कारण नाही. पण खाली खांबांच्या ओळीतून वाट काढणारा माणूस कोणत्या बाजूने वाहन येईल हे खांबाआडून ओळखू शकत नाही. पादचारी पुलांची कथा निराळी. माणसे ते वापरत नाहीत अशी तक्रार असते. परंतु पुलाच्या पंचवीस-तीस पायऱ्या चढून-उतरून जाण्याची शिक्षा पायी चालणाऱ्याने का भोगावी आणि बसून जाणाऱ्याने सपाट रस्ता का वापरावा, याचे उत्तर सांधेदुखी असलेल्या माणसाला अजून मिळालेले नाही.

याउलटची उदाहरणे याच दोन शहरांत आहेत आणि ती दूर शोधायला नकोत. नवरात्रात अंबादेवी आणि एकवीरा देवीच्या दर्शनासाठी अमरावतीत लोटणारा जनसागर पाहावा. त्या दिवसांत मंदिराकडचा रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. गर्दी नेहमीच्या कितीतरी पट. तरी म्हातारी माणसे, कडेवरची मुले सावकाश जातात, कोणी धावत नाही, कारण मागून काही येत नाही. अकोल्यात श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावरच्या कावडीने आणून राजराजेश्वराला अभिषेक होतो. अनवाणी पायांनी मैलोगणती चालून आलेल्या कावडधाऱ्यांना सारे शहर वाट देते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरकडे जाताना अकोल्यातून जाते, तेव्हा पताकाधारी वारकऱ्यांच्या ओळी पाहून ट्रकचालक आपोआप इंजिन बंद करतो, काही जण खाली उतरून हात जोडतात. म्हणजे थांबण्याची शक्ती वऱ्हाडच्या माणसात आहे. ती वर्षातून काही दिवस बाहेर निघते.

वऱ्हाडच्या मातीचाच एक दाखला सांगण्यासारखा आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले संत गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव पायी फिरले आणि पुढचा रस्ता झाडत गेले. श्वेतांबर साधूचा ओघा, दिगंबर मुनींची मोरपिसांची पिच्छी आणि बाबांचा खराटा यांचे तत्त्वज्ञान वेगळे असेल. पण पाऊल टाकण्याआधी वाकणारी ही तीन माणसे एका वाटेवर भेटली असती तर त्यांना एकमेकांची ओळख पटली असती.

आता ज्या गोष्टीसाठी हे सर्व सांगितले तिकडे येऊ.

अमरावती ते अकोला हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. मोटारीने दीड-दोन तास. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असे मुक्काम करीत साधू-साध्वींना ते पायी कापायला पाच-सहा दिवस लागतात. याच राष्ट्रीय महामार्गाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले होते. नंतर ३ ते ७ जून २०२२ या काळात अमरावती-अकोला टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. वऱ्हाडला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. खड्डे गेले, प्रवास सुखाचा झाला. त्याचबरोबर ट्रकचा वेग वाढला. ताशी ८० किलोमीटरचे वाहन सेकंदाला २२ मीटर जाते. बैलगाडी घेऊन निघालेला शेतकरी, शाळेला निघालेली मुले आणि विहार करणाऱ्या साध्वीजी यांची चाल मात्र होती तीच राहिली.

साधू-साध्वी महामार्गाच्या डांबरावरूनच का चालतात, कडेच्या मातीत, गवतात का उतरत नाहीत, असा प्रश्न अजैन मित्र नेहमी विचारतात, आणि अलीकडे समाजातील तरुणही विचारू लागले आहेत. उत्तर कुंदकुंदांच्या दुसऱ्या अटीत आहे: प्रासुक मार्ग. गवत ही हरितकाय, सजीव. कडेच्या ओल्या मातीत सूक्ष्म जीव. ज्या डांबरावरून दिवसभर वाहतूक गेली आहे ते निर्जीव. म्हणून पाय तिथे टिकतात. मागून ट्रकचा आवाज आला म्हणजे सामान्य माणूस गवतात उडी मारतो. साध्वीजींचा पाय उचलण्याआधी क्षणभर अडखळतो, कारण गवताच्या पात्याचाही जीव त्यांना वाचवायचा असतो. त्या क्षणभराच्या करुणेला ताशी ८० किलोमीटरच्या रस्त्यावर जागा ठेवलेली नाही.

विहारातील अपघातांच्या बातम्या समाजाला नव्या नाहीत. द्वादशारनयचक्राचे संशोधित संपादन करणारे, त्यासाठी तिबेटी भाषा आत्मसात करणारे महाविद्वान मुनिश्री जंबूविजयजी महाराज नोव्हेंबर २००९ मध्ये राजस्थानात विहार करीत असतानाच वाहनाच्या धडकेने कालधर्म पावले. एका चालकाच्या काही सेकंदांच्या घाईने काय हरवले, याचा हिशेब कोणत्याही विमा कंपनीला मांडता येणार नाही. त्यानंतर व त्याआधीही कितीतरी साध्वीजी गेल्या, ज्यांची नावे त्यांच्या संघाबाहेर कोणाला माहीत नाहीत. अशा बातमीनंतर श्रद्धांजली सभा होते, निवेदन दिले जाते, चालकाला शिक्षा व्हावी अशी मागणी होते. ती रास्तच आहे.

पण त्या अंधारात महाराजसाहेब रस्त्यावर का होते? कुंदकुंदांची पहिली अट दिवसा चालण्याची आहे. पहाटे चार वाजता, सूर्योदयाच्या दीड-दोन तास आधी, विहार का सुरू झाला? एक कारण ऋतूचे. वऱ्हाडात वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सकाळी नऊनंतर डांबरावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. हे कारण खरे आहे आणि त्यावर टीका करण्याचा अधिकार चप्पल घालून चालणाऱ्याला नाही. दुसरे कारण मात्र संघाने छापलेले असते. पत्रिकेवर ठळक अक्षरांत लिहिलेले असते: सकाळी ठीक ८ वाजता भव्य नगरप्रवेश, ८.३० वाजता नवकारशी, ९.३० वाजता प्रवचन. बँडपथक आठला ठरलेले, मंडप ठरलेला, पाहुणे ठरलेले, कॅटररला सांगून झालेले. आणि मागचा मुक्काम १८-२० किलोमीटरवर. साडेचार तास चालून आठला पोहोचायचे तर निघायचे केव्हा, हे गणित पत्रिका छापणारा करीत नाही. ते गणित सत्तर वर्षांच्या साध्वीजी पायांनी सोडवतात. उपकाराच्या भावनेने त्या नाही म्हणत नाहीत. संघाचा शब्द पडू नये म्हणून त्या अंधारात निघतात.

म्हणून पादचाऱ्यांच्या उतावळेपणावर बोलताना, सर्वांत संथ, सर्वांत सावध चालणाऱ्या पादचाऱ्यांना घाई कोणी लावली, हा प्रश्न या सभागृहातच विचारावा लागतो. ट्रकचालक दूरचा आहे. पत्रिका इथली आहे.

समाजातील युवकांनी या बाबतीत काही केले नाही असे नाही. ठिकठिकाणी विहारसेवा गट उभे राहिले आहेत. चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालून, हातात दिवे घेऊन ही मुले साधू-साध्वींच्या पुढे-मागे चालतात, जिथे महामार्ग ओलांडायचा असतो तिथे उभी राहून वाहने थांबवतात. रात्री उशिरापर्यंत दुकान किंवा अभ्यास करून पहाटे साडेतीनला उठणारी ही पिढी टीव्ही-मोबाईलमध्ये बुडाली आहे असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्याबरोबर पाच किलोमीटर चालून यावे. पण जाकिटाची चमक ही उपाययोजना झाली. मुलांचाही जीव त्याच रस्त्यावर असतो, आणि त्यांच्याही आया घरी जाग्या असतात.

करण्यासारखे काय आहे? फार अवघड नाही. ज्या टप्प्यात दोन मुक्कामांतील अंतर १२ किलोमीटरच्या पुढे जाते तिथे मध्ये दोन खोल्यांचे, पंख्याचे आणि उकळलेल्या पाण्याची सोय असणारे विहारस्थान व्हावे. शेतकऱ्याचा गोठा किंवा शाळेची खोली विनंतीवरून मिळते, पण परीक्षेच्या आणि पेरणीच्या दिवसांत मिळत नाही. सुवर्णमहोत्सवाचा निधी प्रवेशद्वाराच्या संगमरवरावर खर्च करायचा की महामार्गाच्या कडेच्या दोन खोल्यांवर, हा निर्णय विश्वस्तांचा आहे. संगमरवरावर नावे अधिक चांगली दिसतात हेही मान्य आहे. नगरप्रवेशाच्या आदल्या दिवशीचा मुक्काम शहराच्या वेशीपासून तीन-चार किलोमीटरच्या आत यावा, म्हणजे सूर्य उगवल्यावर निघूनही ऊन तापण्याच्या आत पोहोचता येईल. आणि प्रवेशाला जाणाऱ्या मोटारींचा ताफा त्या सकाळी महामार्गावर भोंगे वाजवत, विहार करणाऱ्यांच्या शेजारून धूळ उडवत पुढे जाऊ नये. गाड्या वेशीवर ठेवून उरलेले अंतर पायी चालावे. श्रावकाला तेवढे चालवते.

वृद्ध श्राविकांसाठीही एक साधी योजना या ट्रस्टला करता येईल. मंदिराच्या आणि उपाश्रयाच्या समोर सकाळी आठ ते दहा या वेळात दोन स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहावेत, महापालिकेकडे पांढऱ्या पट्ट्यांसाठी लेखी अर्ज द्यावा आणि पट्टे आखले गेले की त्यांच्यावर समाजाचीच वाहने उभी राहणार नाहीत एवढे पाहावे. बटवा घेऊन कडेला उभी असलेली ती आजी चार मिनिटांऐवजी अर्ध्या मिनिटात पलीकडे गेली तर तिला धावावे लागणार नाही, आणि सामायिकाला बसताना तिची छाती धडधडत असणार नाही.

आषाढात चातुर्मास-प्रवेश होईल. त्याची पत्रिका वैशाखातच छापायला जाते. छापखान्यात देण्यापूर्वी 'सकाळी ठीक ८ वाजता' ही ओळ तिच्यातून काढावी आणि तिथे 'पूज्यश्रींच्या अनुकूलतेनुसार' एवढेच घालावे. बँडवाल्यांना तास-दोन तासांचे जादा पैसे द्यावे लागतील, नवकारशीचा उपमा गार होईल. मंडपात बसलेल्या मंडळींनी तेवढा वेळ नवकार गणावा.